चारशे बारा पत्त्यांचा माणूस

एकदा एक माणूस चारशे बारा ठिकाणी राहू लागला. प्रत्यक्षात तो एका तालुक्याच्या गावी, पाण्याच्या टाकीखालच्या गाळ्यात बसून चपला शिवत असे. पण इंटरनेटवर पाहाल तर तो जुन्या जकात नाक्याजवळ होता, कन्याशाळेच्या मागे होता, जिल्ह्याच्या गावीही होता. परदेशातल्या कुठल्याशा यादीत तर कुत्र्यांचे केस कापणारा आणि अंत्यविधीचं साहित्य पुरवणारा यांच्या मधोमध त्याचं नाव झळकत होतं. बिचाऱ्याला स्वतःला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्याचं नाव रोहिदास सातपुते. त्याच्या दुकानात चपला टांगलेल्या नसत, कारण त्या ज्याच्यासाठी शिवल्या त्याच्याखेरीज कुणाला होण्यासारख्याच नव्हत्या. कुणाचा एक पाय दोन बोटं आखूड, कुणाची टाच लहानपणीच पोलिओनं उचललेली, कुणाचा पाय मधुमेहाच्या जखमेतून कसाबसा वाचलेला. अशी माणसं त्याच्याकडे येत. रोहिदास जमिनीवर तपकिरी कागद पसरी, त्यावर पाय टेकायला सांगे आणि पेन्सिलीनं पायाची कड आखून घेई. ती आखताना तो बोलत नसे. गेल्या वीस वर्षांतले असे शेकडो कागद त्याच्या भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले होते, आणि कुठला कागद कुणाचा हे तो न वाचता सांगू शके.

ही माणसं त्याच्याकडे पाठवणारे हाडांचे एक डॉक्टर होते. ते निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले आणि रोहिदासच्या गाळ्यासमोरची बाकडी रिकामी राहू लागली. तशात लांबच्या शहरातल्या चपलांच्या एका कारखान्यानं त्याला कामावर बोलावलं. तिथं आठ नंबरची चप्पल दिवसभर आठ नंबरचीच असते. रोहिदासनं ‘श्रावण संपेपर्यंत कळवतो’ असं सांगितलं आणि कारखान्याचं पत्र पायांच्या कागदांवरच, त्याच खिळ्याला अडकवून ठेवलं. तो गेला असता तर त्या टापूत असे पाय आखणारं दुसरं कुणी उरलं नसतं.

त्याच आळीत सुमेध नावाचा तरुण राहत असे. तो वेबसाइट बनवी. रोहिदासची वेबसाइटही त्यानंच मोठ्या हौसेनं बनवली होती, पण तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. चैत्रात एके दिवशी तो गाळ्यावर आला आणि म्हणाला, “काका, कारखान्याचं डोक्यातून काढून टाका. वेबसाइट म्हणजे आपलं दुकान झालं. आता पाट्या लावायच्या राहिल्यात. इंटरनेटवर डिरेक्टऱ्या असतात, कोण कुठं काय विकतो त्याच्या याद्या. त्यात आपलं नाव घालायचं. जितक्या याद्यांत नाव, तितके आपण वर.”

“वर म्हणजे?”

“कुणी शोधलं की पहिल्या पानावर आपण.”

“बघ बाबा,” रोहिदास म्हणाला. “तुला कळतं त्यातलं.”

सुमेध लबाड नव्हता. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे त्याच्या हातून जे झालं ते लबाडीतून झालं असं वाटेल. ते उत्साहातून झालं, आणि उत्साहातून झालेलं निस्तरायला फार वेळ लागतो. तो रोज पाच-सात याद्या शोधी आणि फॉर्म भरत बसे. पत्त्याच्या रकान्याशी आला की मात्र अडे. आपल्याकडे पत्ता म्हणजे घर क्रमांक नव्हे. पत्ता म्हणजे शेजारी काय आहे ते. रोहिदासचा गाळा वीस वर्षांत दोनदा हलला होता. त्यामुळे निम्मं गाव अजून त्याला ‘नाक्यावरचा सातपुते’ म्हणे, काही लोक ‘शाळेमागचा’ म्हणत, आणि नवे तेवढे ‘टाकीखालचा’ म्हणत. सुमेधनं विचार केला, कोण काय शोधील सांगता येत नाही, तेव्हा सगळेच पत्ते असू द्यावेत. म्हणून काही याद्यांत त्यानं नाका लिहिला, काहींत शाळा, काहींत टाकी. जिल्ह्याच्या गावचे लोक सुटू नयेत म्हणून तिथलाही एक पत्ता ठोकून दिला. फोन कुठे रोहिदासचा दिला, कुठे स्वतःचा. धंद्याच्या रकान्यात चपला, दवाखान्याचं साहित्य, भेटवस्तू, जे सापडेल ते भरलं. आषाढ उजाडला तेव्हा आकडा चारशे बारावर गेला होता, आणि गडी स्वतःवर भलताच खूश होता.

स्वतःच्या मोबाइलवर नेहमी पाहिलेलंच वर येतं, म्हणून मग त्यानं परक्या माणसाच्या मोबाइलवर शोधून पाहिलं. वेबसाइट पूर्वी तिसऱ्या पानावर सापडत असे. आता ती पाचव्या पानावर गेली होती.

हे असं का व्हावं, या कोड्यानं त्याला घेरलं. चारशे बारा जण नाव घेताहेत आणि माणूस मागे ढकलला जातोय, हे कुठलं गणित? याद्या कमी पडल्या असाव्यात असा त्यानं निष्कर्ष काढला आणि नव्या शंभर शोधायला बसला.

त्याच आठवड्यात रोहिदासनं त्याला बोलावून घेतलं. “काल एक मुलगी आली होती वडलांना घेऊन,” तो म्हणाला. “तीन एसट्या बदलून. म्हाताऱ्याचा पाय आत्ता कुठं जखमेतून उठलाय. मोबाइलमध्ये बघून नाक्यावर उतरले. तिथं आता रिचार्जचं दुकान. तिथून शाळेकडे गेले. मग फोन लावला, तर कुणी उचलला नाही.”

सुमेधचा चेहरा पडला. आदल्या दिवशी अनोळखी नंबरावरून आलेले तीन फोन त्यानं फॉर्म भरण्याच्या नादात घेतले नव्हते.

“चारच्या गाडीनं परत गेले. शाळेच्या शिपायानं आज सांगितलं मला.” रोहिदासचा आवाज चढला नाही. “सुमेध, माझ्याकडं येणाऱ्याला चालता येत नाही, म्हणून तर तो येतो. त्याला तू गावभर चालवलंस.”

सुमेधला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या नंबरावर त्यानं लगेच फोन लावला. पलीकडून मुलीनं दोन वाक्यं ऐकून घेतली आणि ‘राहू द्या आता’ म्हणून ठेवून दिला. तेव्हा तो उठला आणि आपल्या जुन्या गुरूकडे गेला.

हे गुरू म्हणजे मोमीन पेंटर. वय पंचाहत्तरीच्या पुढे. फ्लेक्स येण्याआधी गावातली प्रत्येक पाटी त्यांच्या हातची असे, आणि शाळेत असताना सुमेध सुट्टीत त्यांच्याकडे अक्षरं गिरवायला जाई. त्यांना मोबाइलमधलं काही कळत नव्हतं आणि कळतं असं दाखवण्याची हौसही नव्हती. सुमेधनं घडलेलं सारं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग विचारलं एवढंच, “मुलगी नाक्यावरून शाळेकडेच का वळली? तिला कुणी सांगितलं?”

“ते नाही ठाऊक, उस्ताद.”

“मला आहे,” असं म्हणून उस्तादांनी खुंटीवरची टोपी घेतली. एक चुन्याचा डबा, एक रुंद ब्रश आणि शिडी सुमेधच्या हवाली केली आणि निघाले.

नाक्यापाशी रिचार्जच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर निळ्या रंगात एक बाण होता: ‘सातपुते चप्पल, कन्याशाळेमागे’. अक्षर असं देखणं, की बारा वर्षांच्या उन्हापावसात त्याची एक रेघ ढळली नव्हती. उस्ताद शिडीवर चढले आणि त्यांनी त्यावर चुना फासला. सुमेध ‘अहो, अहो’ करीत राहिला. शाळेच्या कुंपणावर त्यांच्याच हातचे आणखी दोन बाण होते. तेही गेले. पुढे बाजाराच्या सरळ रस्त्यावर, टाकीकडे दाखवणारा एक अगदी बरोबर बाण होता. उस्तादांनी तोही पुसला.

आता मात्र सुमेधला राहवेना. “उस्ताद, लोकांना दुकान सापडत नाही म्हणून मी आलो, आणि तुम्ही आहेत त्या पाट्या पुसताय! हा तर खराही होता.”

उस्ताद एसटी स्टँडच्या पुढच्या तिठ्यावर आले, चहाच्या टपरीच्या बाकावर बसले आणि सुमेधलाही बसवलं. स्टँडवरून माणसं येत होती. गावची माणसं आपल्या तंद्रीत वळत होती. परगावचं माणूस मात्र तिठ्यावर, विजेच्या खांबापाशी येऊन हटकून थांबे, मान डावीकडे करी, उजवीकडे करी, मग कुणाला तरी विचारी. दोन तासांत अशी अकरा माणसं सुमेधनं पाहिली. अकराही जण त्याच एका खांबापाशी थांबले होते.

तेव्हा उस्ताद बोलले. “बाण रंगवायला अर्धा तास पुरतो. तो कुठं रंगवायचा, हे कळायला असा दिवस घालवावा लागतो. माणसाचा पाय जिथं अडखळतो तिथं बाण हवा. सरळ रस्त्यावर लावलास तर तो उलट बिचकतो, इथं वळायचं होतं की काय म्हणून. म्हणून तो खरा बाणही पुसला. आणि ते खोटे होते ना, ते खोटे म्हणून मी रंगवले नव्हते बाबा. दुकान हललं आणि बाण तिथंच राहिले. ते पुसायला जायचं काम माझंच होतं, मी गेलो नाही. त्या मुलीला तुझ्या मोबाइलनं नाक्यावर आणलं, आणि तिथून माझ्या बाणानं शाळेकडे पाठवलं.”

गुरूनं आपल्या चुकीत निम्मा वाटा उचललेला पाहून सुमेधला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

“आता तुझं ते शोधणारं यंत्र,” उस्ताद पुढे म्हणाले. “ते कसं चालतं मला विचारू नकोस. पण तेही परगावचंच ना? त्यानं आपलं गाव कुठं पाहिलंय? तेही चार जणांना विचारत असणार, की बाबा सातपुते कुठं राहतो. जाणत्या चौघांनी एकच जागा सांगितली तर ते विश्वास ठेवील. चारशे जणांनी चार तऱ्हा सांगितल्या तर त्यानं काय समजावं? असा कुणी माणूसच नसेल, असंच समजेल. तू रोहिदासला चारशे ठिकाणी उभा केलास आणि तो एकाही ठिकाणी राहिला नाही.”

“मग नवीन याद्या…”

“जुन्या पूस आधी. ज्यानं रंगवलं त्यानंच पुसायचं.”

त्या संध्याकाळी तिठ्यावरच्या खांबाला उस्तादांनी एक पत्रा बांधला. त्यावर निळ्या रंगात एक बाण, आणि खाली दोन शब्द: ‘सातपुते, टाकीखाली’. टाकी का, तर ती स्टँडवरून दिसते. परक्या माणसाला नाका दिसत नाही आणि शाळाही दिसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुमेध पुसायला बसला. भरताना एका यादीला दहा मिनिटं लागली होती, पुसताना काही याद्यांनी दोन-दोन दिवस खाल्ले. कुठे पासवर्ड आठवेना. कुठे नाव काढण्याची सोयच नव्हती, तिथं तो विनंतीची पत्रं पाठवी आणि उत्तर येत नसे. जिल्ह्याच्या गावचा पत्ता खोडताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. शेवटी त्यानं उस्तादांप्रमाणे विचार केला: दुखऱ्या पायाचा माणूस कुठं अडखळत असेल? मग दवाखान्यांच्या दोन याद्या, अपंग कल्याणाच्या संस्थांची एक, तालुक्याच्या व्यापाऱ्यांची एक, लोक नकाशावर दुकानं पाहतात ती एक, अशा मोजक्या एकोणीस याद्या त्यानं ठेवल्या. एकोणीसही ठिकाणी तेच नाव, तोच टाकीखालचा पत्ता, आणि रोहिदासचा फोन. आणखी वीसेक हट्टी याद्या काही केल्या पुसल्या गेल्या नाहीत. त्या आजही कुठेतरी चुकीचा बाण दाखवत असतील.

फरक लगेच पडला नाही. श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात वेबसाइट दुसऱ्या पानावर आली, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे श्रावणाला एक दिवस उरला असताना, पहिल्या पानाच्या तळाशी. रोहिदासला हे त्यानं सांगितलं. रोहिदास ‘बरं’ म्हणाला. पत्र खिळ्यालाच होतं.

त्या दुपारी सुमेध तिठ्यावरच्या टपरीत बसला होता. स्टँडवरून एक म्हातारा आला. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला फडकं गुंडाळलेलं, हात मुलीच्या खांद्यावर. मुलीच्या हातात मोबाइल होता. सुमेध ताडकन उठला, धावत जाऊन हात धरावा, वाट दाखवावी म्हणून. पण तो तिथंच उभा राहिला. दोघं खांबापाशी आली. मुलीनं मोबाइलमध्ये पाहिलं, मान वर केली, क्षणभर थांबली आणि वडलांना घेऊन टाकीकडे वळली. सुमेध बऱ्याच अंतरानं मागे गेला.

तो गाळ्याशी पोचला तेव्हा मुलगी आषाढातल्या फेरीचं सांगत होती आणि रोहिदास म्हाताऱ्याला बाकड्यावर बसवत होता. “मागं फार हाल झाले तुमचे,” तो म्हणाला. “आज कुणाकुणाला विचारावं लागलं?”

“कुणाला नाही,” म्हातारा म्हणाला. त्याला प्रश्नाचं नवलच वाटलं. “सरळच तर आहे.”

सुमेध दाराबाहेरच थबकला. चैत्रापासून केलेल्या कामाचं इतकं मोठं कौतुक त्याला पुन्हा कधी ऐकायला मिळणार नव्हतं, आणि त्यात त्याचं नावही नव्हतं.

रोहिदासनं तपकिरी कागद शोधला. कित्येक दिवसांत लागलाच नव्हता, त्यामुळे आणलेला नव्हता. त्यानं खिळ्यावरचं कारखान्याचं पत्र काढलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूनं जमिनीवर पसरलं. मग पेन्सिल कानामागून काढून तो खाली बसला.

“टेका पाय, बाबा,” तो म्हणाला.