भरतीच्या तोंडावर थांबलेली गाढवीण

खाडीकाठच्या एका गावात, फार वर्षांपूर्वी, मीठ विकून पोट भरणारी एक बाई राहत होती. तिची गाढवीण जेमतेम कमरेएवढी. राखाडी अंग, पाठीवर शेपटीपर्यंत काळी रेघ, खांद्यांवरून दुसरी आडवी. सुके गवत चघळून दिवस काढायची आणि एकदा चाललेली वाट कधी विसरायची नाही. खोड एकच. घोडा भ्याला की उधळतो, ही भ्याली की जागच्या जागी खिळायची. लोक म्हणत, हट्टी आहे झालं!

एका सकाळी बाई ओहोटीत खाडी ओलांडून पलीकडच्या बाजाराला निघाली. गोण्यांत मीठ, पाठीशी झोळीत तान्ही लेक. सोबतीला गावचे शेठ, उंच घोड्यावर. शेठची वाट बघण्यात निघायलाच उशीर झाला होता.

मध्यावर आले आणि धुके उतरले. दोन्ही काठ दिसेनासे झाले. तेवढ्यात बाईच्या कानावर बारीक खळखळ आली. भरती लागली होती!

आणि गाढवीण थांबली. कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या.

"चल गं बाय, चल!" बाईने दोर ओढला. पाणी घोट्याला लागले. लेक रडू लागली.

"दोन रट्टे घाल तिला!" शेठ ओरडले. "नाहीतर सोड तिथंच आणि माझ्या मागं पळ. काठ समोरच आहे."

बाईने काठी उगारली. दुसरा हात गाढविणीच्या मानेवर होता, ती मान थरथरत होती. 'अगं बाई, ही तर माझ्यासारखीच भ्यालीय!' बाईने काठी खाली घेतली.

"शेठ, थांबा जरा. पुढं काहीतरी आहे."

"बस तू थांबून!" शेठनी टाच मारली. आधीच बिथरलेला घोडा धुक्यात उधळला. मग चिखलाचा भसकन आवाज, घोड्याचे भेदरलेले खिंकाळणे, आणि शेठची हाक, "बाई, वाचव गं!"

बाईला पळावेसे वाटले, पण पळणार कुठे? तिने गोण्यांचा दोर सोडला. सगळे मीठ पाण्यात गेले. दोराचे एक टोक गाढविणीच्या छातीला बांधून दुसरे तिने आवाजाच्या दिशेने फेकले. गाढविणीने पाय रोवले. शेठ पोटावर सरपटत बाहेर आले. घोडा आला नाही.

मग गाढवीण आपणहून वळली. हुंगत, एकेक खूर चाचपून टाकत, तिरकी निघाली. बाई तिच्या मानेला धरून, शेठ शेपटीला. पाणी मांड्यांपर्यंत चढले, तेव्हा कुठे पायाखाली घट्ट वाळू लागली.

काठावर शेठ घोड्याच्या नावाने हाका मारत राहिले. बाईने लेकीला छातीशी धरले आणि गाढविणीच्या ओल्या मानेवर डोके टेकले. दोघी अजून थरथरत होत्या.

तात्पर्य एवढेच: भीती सगळ्यांनाच वाटते, पण भ्यायल्यावरही जो क्षणभर थांबतो, त्यालाच वाट सापडते.