म्हातारी डिस्क अडून बसली

संगणक घरघर करत चालू व्हायचे, तेव्हाची गोष्ट. कुंभोजकरांच्या फोटो स्टुडिओत एक म्हातारी हार्ड डिस्क होती. गावात कुणी गेलं, की घरचे लोक जुन्या लग्नाच्या फोटोतला त्याचा चेहरा मोठा करून घ्यायला, हार घालायला, इथेच येत. ते सगळे चेहरे तिच्या पोटात होते, दुसरीकडे कुठेच नव्हते.

एके दिवशी कुंभोजकरांनी नवी डिस्क आणून शेजारी जोडली. म्हातारीतलं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं होतं. पण गडबडीत त्यांनी संगणकाला उलटंच सांगितलं: नवीतलं म्हातारीवर उतरव.

"चल, पूस सगळं आणि माझ्यासारखी कोरी हो," नवी म्हणाली. "मालकाचा हुकूम आहे."

"नाही पुसणार," म्हातारी म्हणाली आणि फिरायचीच थांबली.

कुंभोजकरांनी बटणं दाबली, डब्यावर थापा मारल्या. "मेली वाटतं थेरडी!" ते ओरडले.

"भंगारात टाकतील तुला," नवी कुजबुजली.

"टाकू देत. भरलेली जाईन."

शेवटी कुंभोजकरांनी चष्मा लावून स्क्रीन पुन्हा वाचली. बाण नवीकडून म्हातारीकडे होता. त्यांनी कपाळावर हात मारला आणि बाण फिरवला. तशी म्हातारी गरगर फिरू लागली आणि संध्याकाळपर्यंत एकेक चेहरा नवीला देत राहिली.

शेवटचा फोटो देऊन झाल्यावर ती म्हणाली, "आता तू भरलीस. उद्या तुलाही कुणी पुसायला सांगेल. तेव्हा हुकूम कुणाचा हे बघू नकोस. अडून बस."