बोरखिंडीच्या बंडीवरचं पांढरं ठिगळ

बोरखिंडीच्या या माळावर बसायला एकच सपाट धोंडा आहे. त्याला बिरूचा धोंडा म्हणतात. बसा, पण जरा टेकूनच बसा, कुसळं शिरतील कपड्यांत. समोर कंबरेइतकं गवत दिसतं ना? माघात ते असं पिवळं पडतं. तुम्ही खालच्या कारखान्यातून ज्या शिकारीच्या बंड्या अंगात घालून आलात, त्यांचा रंग या गवतावरूनच घेतलेला. आणि पाठीवर जे वीतभर पांढरं ठिगळ आहे, ते उसवून मिळेल का म्हणून मघाशी ह्या पाहुण्यांनी विचारलं. नाही मिळणार. का ते ऐका, मग हवं तर बंडी परत द्या.

असं सांगतात की फार पूर्वी या गावात बिरू नावाचा सणगर होता. सणगर म्हणजे लोकर विणणारा. त्याच्या घोंगडीतून पाणी उतरत नसे म्हणे. त्याच्या भिंतीला भिंत लागून केरबा शिंप्याचं घर. दोघं एका वयाचे, एका ताटात जेवलेले. बिरूच्या मागाची खटखट थांबली की केरबा पलीकडून विचारायचा, ‘का रे, धागा तुटला की तंबाखू संपली?’ बहुतेक वेळा तंबाखूच संपलेली असायची.

त्या साली रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. उभा शाळू रातोरात आडवा होत होता. गावानं हाका घालायचं ठरवलं. म्हणजे काही माणसांनी खालून आरडाओरडा करत रान उठवायचं आणि आठ बंदूकवाल्यांनी वर खिंडीत दबा धरून बसायचं. पण डुकराची नजर अधू असली तरी पांढरं धोतर हललं की ते वाट बदलतं. तेव्हा गावानं या दोघांना सांगितलं, आठ जणांना आठ बंड्या करा, गवतात गवत होऊन जाईल अशा.

दोघांनी जीव ओतला. बिरूनं भुरी लोकर वेगळी काढली, बाभळीच्या सालीत उकळली, परत उकळली. या धोंड्यावर बसून तो धागा गवताशेजारी धरून बघायचा आणि मान हलवून घरी जायचा. केरबानं आठही जणांची मापं घेतली. गुंडी वाजू नये म्हणून बंद लावले. शिवण आतून घेतली. बापजाद्यांची सगळी अक्कल त्या एका कपड्यात उतरली म्हणे.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. सणगराच्या घरात रीत होती. कापड कुठलंही असो, त्यात चार बोटांची एक पट्टी कोकराच्या पहिल्या लोकरीची, म्हणजे जावळाची. ती बिरोबाची. तिला रंग लावायचा नाही, ती पांढरीच ठेवायची. बिरूनं ती या कापडातही विणली होती. पण बंडी शिवून झाली, माळावर नेऊन ठेवली, तर लांबून तेवढी पट्टीच दिसायची. बाकी बंडी दिसायचीच नाही.

बिरूला ते खपेना. त्यानं पुन्हा सालीचं पातेलं चुलीवर चढवलं.

केरबा म्हणाला, ‘राहू दे की रे. चार बोटं तर आहे. देवाची आहे.’

‘देव काय गवतात हुडकायला येतोय व्हय?’ बिरू म्हणाला, आणि पट्टी रंगात बुडवली. माणसाला आपल्या कामाची घमेंड चढली की असंच होतं. तुम्हाला-मला काही वेगळं होत नाही.

हाक्याच्या दिवसापर्यंत ही एकच बंडी तयार झाली. शिंप्याच्या घरचीही एक रीत होती: नवा कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर जायच्या आधी शिवणाऱ्यानं घालून बघायचा. केरबानं उभ्या जन्मात शिकार केली नव्हती. तरी हाक्याच्या दिवशी ती बंडी घालून तो खिंडीत निघाला. त्याची बायको चंद्रा दारातून म्हणाली, ‘डुक्कर बघून पळू नका म्हणजे झालं.’ सगळे हसले.

सकाळची उन्हं वर आली तेव्हा हाका सुटला. बिरूही त्या आठांतला एक; तो बंदूक घेऊन या धोंड्यामागे होता. केरबाला त्यानं डावीकडच्या बोरीखाली बसवलं होतं आणि बजावलं होतं, हलायचं नाही. पण केरबाला तिथून खालचं दिसलं. डुक्कर खिंडीकडे यायचं सोडून ओढ्याकडे वळलं होतं. हाक मारावी तर ते बुजणार. म्हणून तो बिरूला सांगायला गवतातून रांगत निघाला.

बिरूला गवत हललेलं दिसलं. दुसरं काहीच दिसलं नाही. त्यानं बार टाकला.

धावत जाऊन बघतो तर केरबा. बिरूनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. असं सांगतात की केरबा शुद्धीवर होता, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता. तो म्हणाला, ‘बिरू, काम चांगलं झालं रे. तुलासुद्धा दिसलो नाही.’ तेवढंच म्हणाला. डुक्कर कुठे वळलं ते सांगायचं राहून गेलं.

बिरूनं घरी येऊन मागावरचे ताणे कोयत्यानं कापले. बंदूक ओढ्याच्या डोहात टाकली. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी चंद्रा त्याच्या दारात आली. हातात बेतून ठेवलेलं सात बंड्यांचं कापड होतं आणि केरबाचा पांढरा पटका. उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

‘भावजी, त्यांनी आठ जणांची मापं घेतलीत, सात बंड्या राहिल्यात. शिंप्यानं माप घेतलं की कपडा द्यावा लागतो. त्या मी शिवणार. पुढं कुणी मागितल्या तर कापड तू विणायचं. प्रत्येकीच्या पाठीवर मी पांढरं ठिगळ लावणार. दिलेली बंडी घालून माणूस माळावर उभा राहील, तू धोंड्यावरून बघायचं. दिसला तर दिसला म्हणायचं, मगच ती त्याची. आणि आजपासून मी तुझ्याशी बोलणार नाही.’

त्या सात बंड्यांना तिनं नवऱ्याचा पटका फाडून ठिगळं लावली. बिरूनं पुन्हा ताणा भरला. बावीस वर्षं दोन्ही घरं एक काम करत राहिली. कापड विणून झालं की बिरू तिच्या उंबऱ्यावर ठेवायचा. बंडी शिवून झाली की ती याच्या खुंटीला टांगून जायची. मग तो माणसाला घेऊन या धोंड्यावर यायचा, गवतात उभं करायचा, खूप वेळ बघत बसायचा आणि म्हणायचा, ‘दिसला.’ भिंत तीच होती, पण तंबाखूचं विचारणारं पलीकडे कुणी नव्हतं. कधीकधी माग थांबवून तो नुसताच ऐकत बसे म्हणे.

म्हातारपणी बिरूचे डोळे गेले. खुंटीला तयार बंडी तशीच राहिली. दिसला म्हणणार कोण? गावकरी म्हणाले, नुसतं म्हणून टाक रे बाबा. बिरू म्हणाला, ‘एकदा न बघता बार टाकला. आता न बघता शब्द टाकू?’ पण लोकांनी धरून आणलंच त्याला इथे. आणि समोर गवतात, हातात ती बंडी उभी धरून, चंद्रा येऊन थांबली. तीही वाकली होती तोवर.

बावीस वर्षांनी ती बोलली. ‘भावजी, दिसलं का?’

आवाज ओळखून बिरू रडायला लागला. म्हणाला, ‘नाही वहिनी. मला तेव्हाही दिसलं नाही.’

चंद्रा गवत तुडवत धोंड्याजवळ आली. त्याचा हात धरला आणि बंडीच्या पाठीवर, त्या ठिगळावर टेकवला. ‘हाय का इथं?’ तिनं विचारलं.

‘हाय,’ बिरू म्हणाला.

तिनं त्याला माफ केलं की नाही, यावर गावात अजून वाद होतात. शिंपीआळी म्हणते केलं, सणगर म्हणतात ते आम्ही कोण सांगणार. चंद्रानं स्वतः कधी सांगितलं नाही.

आता शिकारीला बंदी आहे, बंदुका गेल्या. पण दोन्ही घरांच्या आताच्या पोरांनी मिळून खालचा कारखाना काढलाय, आणि तुमच्यासारखी डोंगर चढणारी मंडळी बंड्या नेतात. विणतात सणगर, ठिगळ लावते शिंप्यांची सून. आजही बंडी विकली असं कुणी म्हणत नाही, जोवर सणगराच्या घरचं माणूस या धोंड्यावर बसून, डोळे मिटून, घेणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवत नाही. मी त्याच घरचा. बिरूच्या नातवाचा नातू.

तेव्हा पाहुणे, उसवायचं पुन्हा काढू नका. असे पुढे या. पाठ करा इकडे.

हाय.