तान्हू कुंभारणीची बाग

आपल्या पणज्या परकर नेसून हुंदडत होत्या, त्याच्याही आधीची ही हकीकत. सावरखिंड गाव तेव्हाही इथंच होतं आणि वरच्या माळावर क्षयाचा दवाखाना होता. लांबट कौलारू इमारत, ओळीनं खिडक्या आणि भोवती नुसता मुरूम. सावलीला म्हणून एक झाड नव्हतं. क्षयावर तेव्हा औषध निघालं नव्हतं. मोकळी हवा, ऊन, दूध आणि आराम, एवढ्यावर माणूस बरा झाला तर झाला. गावाला त्या माळाची फार भीती. वाटेनं जायची वेळ आलीच, तर बायका नाकाला पदर लावत आणि पोरांना ओढत झपाझप पुढं निघून जात.

गावात धोंडू कुंभार आणि त्याची बायको तान्हू राहत. मूलबाळ नव्हतं. एक चाक, एक भट्टी आणि चिमी नावाची गाढवी, एवढा त्यांचा संसार. धोंडूच्या घड्यातलं पाणी वैशाखातसुद्धा दात कळवळतील इतकं गार लागायचं, असं म्हणतात.

एका पावसाळ्यात धोंडूला खोकल्यातून रक्त पडू लागलं. भावकीतलं कोणी उंबऱ्यात पाऊल टाकेना. तान्हूनं नवऱ्याला चिमीच्या पाठीवर बसवलं, एका हातानं सावरून धरलं आणि भर दुपारी सगळ्या गावादेखत त्याला माळावर नेलं.

दवाखान्यात एस्तेरबाई नावाची नर्स होती. उंच, सावळी, कमी बोलणारी. तिनं धोंडूला आईनं लेकराला घ्यावं तसं उतरवून घेतलं. त्याचं थुंकीचं भांडं धुतलं, त्याला पेज भरवली, त्याची पाठ पुसली. सख्ख्या भावानं केलं नसतं ते त्या बाईनं केलं. तान्हू रोज वर जायची आणि खाटेशी बसून हे बघायची.

धोंडूची खाट खिडकीशी होती. बाहेर मुरूम तापलेला असायचा. एकदा तो म्हणाला, "तान्हू, चिखलात जन्म गेला माझा. हितं डोळ्याला कायबी वलं दिसत न्हाई गं."

थंडी सरता सरता धोंडू गेला. तान्हूनं एस्तेरबाईचे पाय धरले. "बाई, तुमचं हे उपकार मी कसं फेडू?"

एस्तेरबाईनं तिला उठवलं. "फेडायचं काही नाही तान्हू. पण जमलं तर त्या खिडकीसमोर काहीतरी लाव. त्या खाटेवर उद्या दुसरं कोणी येईल. त्याला तरी दिसेल."

तान्हूला मातीतून मडकं काढता येई, रोप वाढवणं तिला ठाऊक नव्हतं. तिनं मोगरा लावला, तो वाळला. तगर लावली, तीही वाळली. पुन्हा लावली, ती करपून काडी झाली. डॉक्टर सप्रे भले माणूस, पण तेही म्हणाले, "अहो बाई, हा मुरूम आहे. इथं कुसळ उगवायचं नाही." तान्हू नुसती हसली आणि चिमीला घेऊन नदीवर गेली. मडक्यांसाठी जो गाळ ती आणायची, तोच तिनं माळावर आणून ओतला. मग एक कोरा घडा रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरला, त्यात पाणी भरलं आणि वर झाकणी ठेवली. घडा आतल्या आत पाझरत राहिला.

जास्वंदीनं मूळ धरलं. पहिलं फूल आलं ते परातीएवढं होतं, असं म्हणतात. खाटेवरच्या रोग्यांनी एकमेकांना हाका मारून ते दाखवलं, आणि महिनोन् महिने भिंतीकडं तोंड करून पडलेली एक म्हातारी कूस बदलून खिडकीकडं वळली.

गावात मात्र कुजबूज सुरू झाली. एक दिवस आडावर बयो पाटलीण कमरेवर हात ठेवून तान्हूच्या आडवी आली.

"तान्हे, माळावर जायचं असंल तर या आडाला दोर लावायचा न्हाई. आमच्या घरात ल्हान पोरं हायेत."

तान्हूला राग आला, पण तो तिनं गिळला. बयोच्या डोळ्यांत तिला दुष्टपणा दिसला नाही, भीती दिसली. तीच भीती तिनं स्वतः धोंडूच्या खाटेशी बसून सोसली होती. ती रिकामी घागर घेऊन परतली. त्या दिवसापासून ती पार खिंडीखालच्या डोहावर पाण्याला जाऊ लागली. तिची मडकीही कोणी घेईना. भट्टीतून निघालेले घडे अंगणात पडून राहिले. तान्हूनं त्यांच्याकडं बघितलं आणि तिच्या मनात आलं, बरंच झालं. तिनं सगळे घडे चिमीवर लादले आणि माळावर नेऊन पुरले.

मग माळ हिरवा होऊ लागला. शेवंती आली, गवती चहा आला, कडुनिंबाची रोपं कमरेला लागली. ज्या रोग्यांना उभं राहवत होतं ते काठी टेकत बाहेर येऊ लागले. कोणी तण उपटी, कोणी झाकण्या उघडून पाणी बघे. डॉक्टर सप्रे संध्याकाळी कोटाच्या बाह्या सरसावून झारी धरत. दवाखान्यातून खोकल्याचा आवाज यायचाच, पण आता मधूनच हसण्याचाही येऊ लागला. खाली गावात ते हसू ऐकून माणसं चकित होत, असं म्हणतात.

आणि मग मोठा दुष्काळ पडला. दवाखान्याची विहीर तळाला गेली. डॉक्टर खाली मान घालून तान्हूजवळ आले. "तान्हूबाई, यापुढं विहिरीचं पाणी फक्त रोग्यांना."

"बराबर हाय डॉक्टर. रोगी आधी." एवढंच ती म्हणाली आणि डोहाच्या खेपा तिनं वाढवल्या. नदी आटली, ओढे आटले, पण तान्हू घागर बुडवायची तोवर डोहातलं पाणी हटत नसे, असं म्हणतात.

त्या उन्हाळ्यात दवाखान्यात फार माणसं गेली. एस्तेरबाईनं एकामागून एक डोळे मिटवले, चादरी उकळल्या, पुन्हा अंथरल्या. एका दुपारी तिनं आपली पत्र्याची पेटी भरली आणि ती दाराशी आणून ठेवली. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. डॉक्टर खोलीत तोंड लपवून बसले.

तान्हू बागेत होती. तिनं पेटी बघितली. ही बाई गेली तर माळावर माणसाला हात लावणारं कोण उरणार? पण राहा म्हणायचा आपल्याला काय हक्क, असंही तिला वाटलं. ती म्हणाली, "बाई, निघालातच तर एवढं रोप लावून द्या. आज माझ्यानं वाकवत न्हाई."

एस्तेरबाई गुडघ्यावर बसली. तिनं बोटांनी माती उकरली आणि तिचा हात थबकला. सगळा मुलूख भेगाळला होता आणि ही माती ओली होती. गार होती. तिनं दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत घातले. मग ती रडली. जितकी माणसं तिच्या हातांवर गेली होती, त्या सगळ्यांसाठी मिळून रडली. कारण रडायला तिला कधी जागाच मिळाली नव्हती. तान्हू शेजारी बसून राहिली. तिच्या पाठीवरून हातही फिरवला नाही. नुसती राखण करत बसली.

ऊन कललं तेव्हा एस्तेरबाई उठली. तिनं हात झटकले, पेटी उचलली आणि आत नेली. खाटेवरची माणसं हे खिडक्यांतून बघत होती. कोणीतरी हात जोडले, मग सगळ्यांनी जोडले.

ती जिथं रडली तिथल्या घड्यात त्यानंतर कधी कोणाला पाणी भरावं लागलं नाही, असं म्हणतात.

पुढच्याच वर्षी बयो पाटलिणीची सून आजारी पडली आणि तिला माळावर आणावं लागलं. बयो रोज कुंपणापर्यंत येई आणि मागं फिरे. एक दिवस तिनं बघितलं, सून कडुनिंबाखाली उन्हाच्या कवडशात बसली होती, केसात शेवंती माळलेली, आणि शेजारणीला काहीतरी हसून सांगत होती. बयोचे पाय आपोआप आत वळले. समोर तान्हू उभी होती.

"तान्हे," बयो म्हणाली. "मी तुला आडावर..."

"काकी, लई झाडं तहानल्यात," तान्हू म्हणाली. "ही झारी घ्या. तिकडनं सुरू करा."

बयोनं डोळे पुसले आणि झारी घेतली. दुसऱ्या दिवशी ती जावेला घेऊन आली. मग अख्खी पाटीलआळी आली, मग सुतारआळी, मग वेशीबाहेरची माणसं. आणि गावच्या आडाला तान्हूचा दोर पुन्हा लागला. सून बरी होऊन घरी गेली, पण बयो मरेपर्यंत बागेत येत राहिली.

तान्हू पुष्कळ जगली. एका सकाळी ती चिमीला घेऊन गाळ आणायला गेली आणि परत आली नाही. एकटी चिमी खिंड चढून वर आली, तर तिच्या पाठीवरच्या दोन्ही पाट्या गाळानं काठोकाठ भरलेल्या होत्या. माणसांनी डोह धुंडाळला, नदीकाठ पालथा घातला. तान्हू सापडली नाही. चिमी मात्र पुढंही रोज पहाटे आपली आपण खाली जाई आणि भरल्या पाट्या घेऊन येई. त्या कोण भरत होतं, ते कोणी पाहिलं नाही.

आता तो दवाखाना मोठा झाला आहे. क्षयावर औषध आलं, कौलं गेली, मजले चढले, सगळ्या रोगांची माणसं तिथं येतात. पण बाग अजून गावच राखतं. दर बुधवारी एका आळीची पाळी असते. निवृत्त मास्तर येतात, एसटीतले वाहक येतात, कॉलेजातली मुलं येतात, आणि बरी होऊन गेलेली माणसं तर लांबलांबून येतात. या कामाला सावरखिंडीत कोणी श्रमदान म्हणत नाही. 'तान्हूकडं जायचंय,' असंच म्हणतात. बरा झालेला माणूस घरी निघताना बागेतला एक घडा भरतो आणि मगच फाटक ओलांडतो.

आणखी एक रीत आहे, आणि ती डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे पाळतात. दवाखान्यात राबणारं कोणी बागेत येऊन बसलं, तर त्याला हाक मारायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक नवी नर्स पाळी संपवून तिथल्या बाकावर टेकली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. रोग्याला भेटायला आलेला एक परगावचा माणूस वॉर्ड विचारायला तिच्याकडं निघाला. झारी धरलेला एक म्हातारा लगबगीनं त्याच्या आडवा गेला.

"मी दाखवतो वॉर्ड, चला," तो हळूच म्हणाला. "त्यांना नका उठवू. त्या तान्हूकडं आल्यात."