चेअरमनसाहेबांचे हात

आमच्या शेजारच्या कुमुदताई दूध संघात हेडक्लार्क. अहवाल बांधायला वायर बाइंडिंगचं मशीन घ्यावं, असं त्यांनी सुचवलं आणि चेअरमन दौलतराव भडकले. "वायरच्या वह्या पोरं वापरतात! संघाला गोंदाची बांधणीच शोभते. माझं चुकतंय हे पटवून द्या, नाहीतर उद्यापासून गोदामात बसा."

ताई कसल्या डगमगतात! गोंदाने बांधलेला अहवाल त्यांनी पुढ्यात उघडून ठेवला. "साहेब, सभेत वाचता तसं वाचा बरं."

दौलतरावांनी पानं हातांनी दाबून धरत वाचायला सुरुवात केली. सवयीने दोन्ही हात उंचावले, तोच अहवाल फटकन मिटला.

"तुमचे हात वर गेले की सभासद गप्प बसतात, साहेब. हा तर त्यांच्याही आधी गप्प बसला! वायरचा असता, तर उघडाच राहिला असता."

दौलतराव खो खो हसले. "मागवा बाई तुमचं मशीन. हात काही मला आवरायचे नाहीत!"