कणगीसारखं घर

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात एक बुरूड राहत होता. सुपं, टोपल्या, पाट्या तो विणायचाच, पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते कणग्यांसाठी. कणगी म्हणजे धान्य साठवायची, रांजणासारख्या पोटाची बांबूची मोठी टोपली. ती आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपायची, धान्य भरायचं आणि तोंडावर झाकण ठेवून तेही लिंपून टाकायचं. बाकीचे बुरूड लिंपण गिऱ्हाइकावर सोडून मोकळे व्हायचे. हा मात्र ते दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही. कणगी वाळली की तीत मोहरी ओतून बघायचा. एक दाणा जरी गळला, तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही.

गिऱ्हाईक आलं की तो छाती पुढं काढून सांगायचा, "माझ्या कणगीत किडं मारायला औषध लागत न्हाय. वारा कोंडला की जीव आपोआप जातो." हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते बोलताना आपण काय बोलतोय याकडे त्याचं लक्षच नसायचं.

त्या वर्षी थंडी फार लवकर आली. दिवाळी सरते न सरते तोच डोंगरावर असा वारा सुटला, की गुरं गोठ्यातून पाय बाहेर काढेनात. आणि नेमकी त्याच थंडीत बुरडाची बायको महिनाभर आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, पण केवढी? ओंजळीत मावेल एवढी. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेलं पहिलं लेकरू ते. सुइणीनं पोरीला कापसात गुंडाळलं, बाहेर येऊन हात पुसले आणि बुरडाला सरळ सांगितलं, "पोर नाजूक हाय. सव्वा महिना ऊब मिळाली तर जगंल. गारठा लागला तर माझ्या हातात काय न्हाय."

बुरडानं आपल्या घराकडे पाहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लोकांच्या कणग्या लिंपता लिंपता स्वतःच्या घराच्या कुडाला त्यानं तीन वर्षांत हात लावला नव्हता. कारवीच्या काठ्यांवरची माती जागोजागी पडली होती आणि उत्तरेचा वारा घरात पाहुण्यासारखा न विचारता येत होता.

"मावशी, लाकडं सगळी भिजल्यात. सुकी इकत घ्यायची माझी ऐपत न्हाय. मी ऊब आणू कुठनं?"

"अरं, ऊब काय बाजारात मिळती व्हय?" सुईण म्हणाली. "ती घरातच असती. चुलीची असती, माणसांच्या अंगाची असती, दुपारच्या उन्हाची असती. आपण तिला फटीफटीतनं घालवतो आन् मग थंडीला शिव्या देतो. उत्तरंच्या कुडाला भाताच्या पेंढ्या रचून लाव. खालच्या फटी लिंपून घे. दारावर जाड गोधडी टांग, उंबऱ्याशी तुसाचं पोतं सारून ठेव. बाजंवर सुकल्या गवताचा थर दे. दुपारी ऊन हाय तवर दार उघडं टाक, ऊन कललं की लाव. आन् हे बघ, वरचा जो..."

पण बुरूड ऐकायला थांबला होता कुठं? फटी हा शब्द कानावर पडला आणि गडी पाटी घेऊन शेण गोळा करायला पळाला. मला बुरडाला भोकं बुजवायला शिकवता काय, असं मनाशी म्हणत तो हसलासुद्धा. सुईण दोन हाका मारून थकली. तिला पलीकडच्या वाडीवर दुसऱ्या बाळंतिणीसाठी जायचं होतं, ती निघून गेली.

मग बुरडानं जे आरंभलं, ते बघण्यासारखं होतं. पेंढ्या रचल्या, गोधडी टांगली, उंबऱ्याशी पोतं आलं. कुडाची एकेक फट त्यानं बोटानं चाचपली आणि शेणमातीनं भरली. रात्रंदिवस त्याला झोप नव्हती. खरोखर घर उबदार झालं. सातव्या दिवशी पोरीचे निळसर पडलेले तळवे गुलाबी झाले, तेव्हा बुरूड कोपऱ्यात तोंड करून रडला. इथं तो थांबला असता तर ही गोष्ट सांगावी लागली नसती.

पण त्याचं बोट अजून फटी शोधत होतं. आठव्या दिवशी सकाळी त्याची नजर वर गेली. आढ्याखाली धूर जायला हातभर झरोका होता. त्यातून वाऱ्याची एक बारीकशी झुळूक आत येत होती.

तो टोपलीचं बूड आणि लिंपण घेऊन शिडीवर चढला, तशी बायको बाजेवरून म्हणाली, "आवं, तेवढं ऱ्हाऊ द्या. बाजंखाली शेगडी हाय. मला आधीच डोकं जड वाटतंय."

बाळंतिणीला शेक म्हणून बाजेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, अशी त्या गावची रीत होती. आजवर ती कुणाला बाधली नव्हती, कारण आजवर त्या गावात कुठल्याही घराला फटींचा तोटा नव्हता.

"डोकं थंडीनं जड झालंय," बुरूड म्हणाला.

"मला घाबरं हुतंय."

"आन् पोरीचं तळवं पुन्हा निळं पडलं तर?"

बुरडानं झरोका बुजवला आणि वरून हात फिरवून गुळगुळीत केला.

त्या दिवशी त्याला पायथ्याच्या गावी एक कणगी पोचवायची होती. तिच्या बदल्यात टोपलीभर गोवऱ्या आणि पायलीभर नाचणी मिळायची होती, तीही बाळंतिणीसाठीच. शेगडी फुलवून, तिच्यात वरून आणखी गोवऱ्या घालून तो निघाला. तुसाचं पोतं फटीतून हात घालून दारामागं सारलं आणि दार ओढून घेतलं, तर त्याला चौकटीची फट दिसली. कणगीचं तोंड बंद करतात तसं त्यानं दाराच्या कडेनं बाहेरून लिंपण फिरवलं. "उन्हं कलायच्या आत येतो गं," असं म्हणाला आणि कणगी डोक्यावर घेऊन डोंगर उतरू लागला. बाळंतपणाच्या विटाळाचे, सोयराचे दहा दिवस सरले नव्हते, म्हणजे गावातलं कुणी त्या घराचा उंबरा चढणार नव्हतं. ही गोष्ट त्याच्या ध्यानातही आली नाही.

पायथ्याला एक म्हातारी शेतकरीण त्याची वाट बघत होती. मोठी खट्याळ बाई. नवी कणगी वाजवून बघत म्हणाली, "थांब, आधी मागच्या सालची फोडू दे. तुझी बढाई खरी का खोटी, तुझ्याच म्होरं ठरू दे."

तिनं दगडानं जुन्या कणगीचं तोंड फोडलं, आत हात घातला आणि मूठभर दाणे सुपात टाकले. दाणे टपोरे होते. त्यांच्यात दहाबारा किडे पडले होते, सगळे मेलेले. म्हातारीनं एक किडा बोटावर घेऊन डोळ्यांपाशी नेला.

"अंगावर ओरखडा न्हाय बघ याच्या. निजल्यागत मेलाय. मी ना औषध घातलं, ना राख. मग याला मारलं कुणी रं?"

बुरडाची छाती सवयीनं पुढं आली. "मारायला कशाला लागतंय, आजी? वारा कोंडला की जीव आपो..."

वाक्य तिथंच राहिलं.

म्हातारीनं वर बघितलं. बुरडाचा चेहरा राखेसारखा झाला होता. "काय झालं रं?" ती विचारत राहिली आणि हा गोवऱ्या, नाचणी, पागोटं सगळं तिथंच टाकून डोंगराच्या वाटेला लागला.

ती चढण एरवी तो दोनदा बसून चढायचा. आज बसायचं कुठलं? वाटेत त्याला आपण बुजवलेल्या सगळ्या फटी एकेक करून आठवू लागल्या. उत्तरेच्या कोपऱ्यात एखादी राहिली असेल का? नाही, ती बुजवली. चुलीमागची? तीही बुजवली. शेवटी दार, आपल्याच हातानं. आयुष्यात पहिल्यांदा तो देवाला विनवू लागला, की माझं काम कच्चं निघू दे रे बाबा, कुठंतरी मोहरी गळू दे. समोरून वारा अंगावर येत होता. आठ दिवस ज्याला शिव्या घातल्या, त्याच वाऱ्याला तो मोठ्यानं म्हणाला, "अरं, माझ्या घरात घूस! कुठनं तरी घूस!"

गाव दिसलं. प्रत्येक घराच्या छपरातून धुराचा धागा निघत होता. त्याच्या एकट्याच्या घरातून काहीच निघत नव्हतं.

त्यानं हाक मारली. ओ आली नाही. दाराला खांदा दिला, पण आतून गोधडी, उंबऱ्याशी तुसाचं पोतं आणि कडेला चिकट लिंपण. दार जेमतेम हललं. तेव्हा त्यानं कमरेचा कोयता काढला आणि दाराशेजारच्या कुडावर घातला. आपल्या कामावर ओरखडा सहन न होणारा माणूस तो, पण त्यानं आठ दिवसांची मेहनत दहा घावांत फोडली. कारवीच्या काठ्या मोडून माणूस आत शिरेल एवढं खिंडार पडलं आणि वारा त्याच्याआधी घरात गेला.

आत निखारे लाल होते. बायको बाजेवर नव्हती. उत्तरेच्या कुडाशी ती जमिनीवर कलंडली होती, डोळे मिटलेले, हातात गोधड्या शिवायचं दाभण. तिच्या छातीशी पोर होती आणि पोरीचं तोंड कुडाला टेकलं होतं.

बुरडानं दोघींना उचलून अंगणात आणलं, त्याच गारठ्यात, ज्याला तो इतका भीत होता. बायकोला हलवलं, तोंडावर पाणी मारलं. तिचं अंग ढिलं होतं. पोरही गप्प होती. तो पोरीचे तळवे चोळू लागला.

मग पोरीच्या नाकाला वारा झोंबला. तिनं तोंड वाकडं केलं आणि मांजराच्या पिल्लासारखी बारीक रडली.

ते रडं ऐकून बायकोच्या पापण्या हलल्या. तिला उलटी झाली, मग तिनं खोल श्वास घेतला, मग आणखी एक. बऱ्याच वेळानं ती बोलली. "दारापत्तुर जायला पाय उचलंनात. हाका मारल्या, कुणी आलं न्हाय. पेंढ्यांआडचं तुमचं लिंपण अजून वलं हुतं म्हणून बरं. दाभण घुसवलं."

बुरूड कुडापाशी गेला. पेंढ्यांच्या सांदीत, जमिनीपासून वीतभर वर, एक बोट जाईल एवढं भोक होतं. त्याच्या सगळ्या कामातलं तेवढंच एक भोक, आणि पोरीचं नाक त्याला लावलेलं होतं. त्यानं भोकावर हात ठेवला आणि ओक्साबोक्शी रडला.

उन्हं कलताना सुईण वाडीवरून परत आली. तिनं खिंडार बघितलं, शेगडी बघितली, वर लिंपलेला झरोका बघितला. तिला काही विचारावं लागलं नाही.

"मी मागनं बोंबलत हुते, वरचा झरोका उघडा ठेव म्हणून," ती कडाडली. "पर तुला ऐकायला सवड कुठं? अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालास! खालनं बुजवायचं, वरनं उघडं ठेवायचं. आन् शेगडीचा इस्तू घराबाहेर! अंगणात धोंडा तापव, फडक्यात दोनदा गुंडाळ आन् बाळंतिणीच्या पायाशी ठेव, पोरीपासून लांब. निवला की दुसरा. आन् पोरीची खरी शेगडी कोण? तिची आई. उराशी धरू दे तिला, वर एक गोधडी घाल. झालं. याला एक कवडी लागत न्हाय."

या वेळी बुरडानं सगळं ऐकलं. तिचं बोलणं संपल्यावरही तो हात जोडून उभाच होता. शेवटी तीच म्हणाली, "जा आता, खिंडार बुजव. पुरं बुजव, पर आधी वरचं फोड."

त्यानं आधी वरचं फोडलं.

सव्वा महिना सरला. एका दुपारी कोवळ्या उन्हात आई पोरीला घेऊन अंगणात बसली, तेव्हा पोरीच्या गालांना बाळसं आलं होतं. आढ्याखालच्या झरोक्याला बुरडानं विणलेली नवी जाळी लागली होती. खालचं बोटभर भोक मात्र त्यानं बुजवलं नव्हतं. त्याच्याभोवती बांबूचं छोटंसं कडं बसवलं होतं.

तेव्हापासून ज्या घरात पाळणा हलतो, त्या घरी कणगी देताना बुरूड एक वीतभर जाळीही देऊ लागला, काही न घेता. गिऱ्हाइकाला तो तेच जुनं वाक्य सांगायचा, पण आता सावकाश, एकेका शब्दाकडे लक्ष देऊन. "वारा कोंडला की जीव जातो. म्हणून कणगी धान्याला, आन् ही जाळी घराला."

बायको आतून चिडवायची, "आवं, मोहरी गळंल की यातनं!"

"गळू दे," तो म्हणायचा.

तात्पर्य एवढंच: फटी बुजवून घराची ऊब राखावी, पण श्वासाची वाट सोडून, आणि जाणत्याचं सांगणं अर्ध्यावर टाकून उठू नये, कारण जीव कधी कधी उरलेल्या अर्ध्यात असतो.