अर्ध्या भाड्याचे गलबत

पूर्वी शूर्पारक बंदरावर एका न्यायी राजाची सत्ता असताना बोधिसत्त्वाने दलालाच्या कुळात जन्म घेतला होता. हे दलाल मालाचे नव्हते, माणसांचे होते. सुवर्णभूमीला जाणाऱ्यांना गलबतात जागा मिळवून द्यायची आणि भाड्याचा दहावा हिस्सा गलबताच्या मालकाकडून घ्यायचा, हा त्यांचा धंदा. लोक बोधिसत्त्वाला सोमिल म्हणत. तो कमी बोले, आणि कमी बोलणाऱ्या दलालाविषयी लोकांना जे वाटते ते त्याच्याविषयीही वाटे.

त्या वर्षी नागदंत नावाच्या मालकाने एक गलबत आणले आणि भाडे एकदम अर्धे केले. प्रवासी हरखले. दलालांची तोंडे उतरली, कारण भाडे अर्धे म्हणजे त्यांचा हिस्साही अर्धा. पण नागदंत मोठा समंजस निघाला. त्याने दलालांच्या घरी रेशमी वस्त्रे पाठवली, मधाचे बुधले पाठवले, आणि दर दहा प्रवाशांमागे गलबतातली एक जागा दलालाला फुकट देऊ केली. हवे तर स्वतः जा, नाहीतर विका. बघता बघता दलालांचे चेहरे उजळले, आणि ज्याला विचारावे तो नागदंताच्या गलबताचे गुण गाऊ लागला. घाटावर दुसरेही एक गलबत उभे होते, जुन्या मालकाचे, पुऱ्या भाड्याचे. तिकडे माणसे पाठवणारा सोमिल एकटाच उरला.

सोमिलाची बायको सुयामा लग्न होऊन नुकतीच बंदरावर आली होती. तिचे माहेर डोंगरापलीकडच्या आमरायांत. कोणत्या मडक्यात काय आहे हे नव्या सुनेला लवकर कळते. नवऱ्याच्या मनात काय आहे हे मात्र झाकण उघडून कळत नाही. त्यामुळे सुयामा पाहत असे आणि गप्प राही.

विहिरीवर तिला शेजारची भद्राकाकू भेटली. तिचा नवराही दलालच होता.

"नवं रेशीम नेसून पाण्याला आलात, काकू?"

"मग केव्हा नेसू? तुझ्याकडे नाही आलं?"

"आलं होतं. ह्यांनी परत पाठवलं."

"परत!" भद्राने घागर खाली ठेवली. "अगं, एका दाराने परत गेलं असेल, तर दुसऱ्या दाराने त्याहून मोठं काहीतरी आलं असेल. तुझा नवरा सगळ्यांना महागाच्या गलबतात का घालतो? त्यात हिस्सा पुरा मिळतो म्हणून. मुकी माणसं हिशेबाला फार पक्की असतात हो. कोठीत बघ एकदा."

सुयामाने कोठीत पाहिले. थोडे तांदूळ होते, दोघांना जेमतेम पुरतील एवढे. पण संशयाचे समाधान रिकाम्या कोठीने होत नाही. इथे नाही म्हणजे दुसरीकडे असणार, असे त्याला वाटते.

त्याच सुमारास तिचा धाकटा भाऊ रेवत पाठीवर गाठोडे टाकून आला. आईवडील गेल्यावर सुयामानेच त्याला वाढवले होते. सुवर्णभूमीत जाऊन कारागिरी करायची आणि ताठ मानेने परतायचे, असा त्याचा बेत होता.

"भावोजी, नागदंताच्या गलबतात एक जागा द्या बघू. तुमच्या फुकटातली दिलीत तर बहिणीचं नाव राहील!"

"त्या गलबतात जाऊ नकोस," सोमिल म्हणाला.

"का?"

"अजून कळलं नाही. पण जाऊ नकोस. थांब थोडा."

रेवत हसला. "कळलं नाही, पण जाऊ नको! ताई, तुझ्या नवऱ्याला मेव्हण्याच्या भाड्यातही पुरा हिस्सा हवा दिसतोय."

सुयामाला लाज वाटली ती भावाच्या बोलण्याची नव्हे. आपल्यालाही तेच वाटले होते, याची वाटली. रेवत तसाच उठला आणि भद्राच्या नवऱ्याकडे जाऊन जागा ठरवून आला.

त्या बंदराची एक रीत होती. खोल समुद्रात जाणाऱ्या गलबतावर एक पाळलेला कावळा ठेवत. किनारा दिसेनासा झाला आणि वाट चुकली की त्याला सोडायचे. जमीन जवळ असेल तर तो तिकडे उडे आणि गलबत त्याच्यामागे जाई. जमीन नसेल तर तो डोलकाठीवर परत येऊन बसे. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी प्रवाशाच्या घरच्या बाईने त्या कावळ्याला दहीभाताचा घास घालायचा. कावळ्याने घास घेतला की आपला माणूस परत येणार, अशी समजूत. हा घास घालायला परक्या कोणाला मुभा नसे.

रेवताचा घास घेऊन सुयामा नागदंताच्या गलबतावर गेली. बायकांची रांग लागली होती. पिंजऱ्यावर गोणपाट टाकले होते. प्रत्येकीने गोणपाटाखालून हात घालायचा, भात ठेवायचा, आणि गलबत हाकणाऱ्या तांडेलाने म्हणायचे, "घेतला, घेतला. चला पुढं."

सगळ्या जणी डोळे मिटून हात जोडत आणि पुढे जात. सुयामाने डोळे मिटले नाहीत. ती वाकली. आत सगळ्यांचा भात जसाच्या तसा पडला होता. अंधारात एक काळा पक्षी अंग चोरून बसला होता, आणि त्याचा डोळा गुंजेसारखा लाल होता.

"तांडेलदादा, कावळ्याचा डोळा लाल?"

"समुद्रावरचा आहे, बाई. जागरणं होतात."

"आणि खात नाही तो?"

"लाजतो," तांडेल म्हणाला आणि त्याने गोणपाट खाली ओढले.

सुयामा वाटेत रेवताला भेटली. तिने पाहिलेले सगळे सांगितले.

"ताई," तो म्हणाला, "भावोजींनी चांगलं पढवलंय तुला."

ती घरी आली. सोमिल अंगणात सुंभ वळत बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. लग्नानंतर इतके सरळ तिने त्याच्याकडे पाहिले नव्हते.

"अहो, त्या गलबतावर कावळा नाही. कोकीळ आहे. आमच्या आमरायांत जन्म गेला माझा, मला चुकायचं नाही. तुम्हाला हे ठाऊक होतं?"

सोमिलाचा हात थांबला. "नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की भाडं अर्धं झालं आणि आम्हा दलालांना येणाऱ्या भेटवस्तू दुप्पट झाल्या. कमी पडलेलं कोणीतरी भरतोच. तो कोण, हे मी शोधत होतो. नागदंताला म्हटलं, फुकटच्या जागांवर मी आणि माझी बायकोच येतो. तर तो हसला. म्हणाला, तुमच्यासारख्यांनी कशाला खारं वारं खायचं, विकून टाका. त्या दिवसापासून मला झोप नाही."

"शिकवलेल्या कावळ्याला मोल पडतं. त्यातही ज्यानं कसर केली, त्यानं पाण्यात, धान्यात काय केलं असेल?"

"तेच."

"मग घाटावर जाऊन ओरडून सांगा ना! उद्या रेवत जाईल."

"सांगितलं. त्यालाच सांगितलं, आपल्या घरात. काय म्हणाला तो?" सोमिलाने सुंभ खाली ठेवला. "आणि तू काय मनात म्हणालीस?"

सुयामाने मान खाली घातली.

"तुझा दोष नाही. महागाच्या गलबतात माझा हिस्सा मोठा आहे. तो हिस्सा तोंडात धरून मी खरं बोललो तरी ते हिश्श्याचंच बोलणं होतं. आधी तो टाकला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गर्दी उसळली होती. लोक गाठोडी घेऊन नागदंताच्या गलबतावर चढू लागले होते. बोधिसत्त्व चढायच्या फळीजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "या गलबतातून जाऊ नका."

"आले, दहाव्या हिश्श्याचे धनी आले!" कोणीतरी ओरडले. लोक हसले. रेवतही हसला.

नागदंत गोड आवाजात म्हणाला, "सोमिल, भावा, सगळ्यांसमोर सांगतो. तुला हिस्सा दुप्पट देतो. चल, दे आवाज माझ्या गलबतासाठी."

घाटावर राजाचा अधिकारी बसला होता. बोधिसत्त्व त्याच्याकडे वळला. "आर्य, आपण साक्षी. जुन्या मालकाकडून या मोसमात मी जो हिस्सा घेतला, तो ज्याच्या भाड्यातून आला त्याला आज परत करतो. यापुढे कोणत्याही मालकाकडून मी हिस्सा घेणार नाही, वस्त्र घेणार नाही, फुकटची जागा घेणार नाही. गलबत महाग असो की स्वस्त, प्रवाशानं आपल्या घरचे पसाभर तांदूळ द्यावेत. तेवढीच माझी दलाली."

हा माणूस आता काहीही बोलला तरी त्याला मिळणारे काहीच नाही, हे लोकांच्या हळूहळू लक्षात आले. अशा माणसाचे काय करायचे हे बंदरावर कोणालाच माहीत नव्हते.

"बोल मग!" नागदंताचा आवाज चढला. "काय खोट आहे माझ्या गलबतात?"

"मी पाहिली नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "माझ्या बायकोनं पाहिली आहे."

सगळ्या नजरा सुयामाकडे वळल्या. तिच्या हातात पानाचा द्रोण होता. ती फळीवरून वर गेली. तांडेल आडवा आला.

"कावळ्याला हात लावायचा नाही. घास काल झाला."

"माझा भाऊ जातोय," सुयामा म्हणाली. "कावळ्यानं काल घास घेतला नाही. लाजत होता. आज पुन्हा घालते."

गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "घालू दे की रे मेल्या. तिचा भाऊ आहे."

सुयामाने गोणपाट ओढून टाकले. उन्हात पक्ष्याने डोळे मिचकावले. तिने भाताचा घास पुढे केला. त्याने तोंड फिरवले. मग तिने द्रोणातून वडाचे एक लाल फळ काढले. पक्ष्याने ते झडप घालून गिळले, आणखी मागितले, तेही गिळले.

"कावळ्याला उपास असेल आज," तांडेल म्हणाला. या वेळी त्याचा आवाज जरा बारीक होता.

तेवढ्यात घाटामागच्या झाडीतून एक कोकीळ ओरडला. चैत्र लागला होता. पिंजऱ्यातल्या पक्ष्याने मान वर केली, गळा फुगवला, आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल असे उत्तर दिले.

मग म्हातारी म्हणाली, "अगं बाई, कावळा गायला लागला!"

त्यानंतर कोणाला समजवावे लागले नाही. लोक गलबताच्या तळाशी उतरले. पाण्याच्या रांजणांची वरची रांग भरलेली होती, खालच्या रांगा कोरड्या. धान्याच्या पोत्यांत वर तांदूळ होते, आत कोंडा. राजाच्या अधिकाऱ्याने नागदंताला तिथेच बसवून घेतले आणि प्रत्येकाचे भाडे परत करवले. दलाल घाईघाईने घरी गेले. भद्राकाकू त्यानंतर बरेच दिवस पाण्याला सुती वस्त्र नेसून येत असे.

जुन्या मालकाला आता कोणाला दहावा हिस्सा द्यायचा नव्हता. त्याने भाडे तेवढ्याने उतरवले. तरीही रेवताला थोडे कमीच पडले. त्याने वाटेत वल्ही मारायचे कबूल केले. निघताना तो भावोजींच्या पाया पडला आणि म्हणाला, "ताईला जपा."

"ती मला जपते आहे," बोधिसत्त्व म्हणाला.

जुन्या गलबतावरच्या कावळ्याने सुयामाच्या हातून अर्धा घास घेतला आणि बोटालाही चोच मारली. तिला फार बरे वाटले.

ती दोघे घरी आली तेव्हा कोठीत खरोखरच काही उरले नव्हते. सगळा हिस्सा परत करायला घरातले होते नव्हते ते गेले होते. सुयामाने कोठीचे झाकण लावले आणि द्रोण समोर ठेवला. त्यात कोकिळाने नाकारलेला आणि कावळ्याने अर्धा सोडलेला दहीभात होता.

"एवढंच आहे," ती म्हणाली.

"दुसरीकडे कुठे ठेवलंय का, बघायचं नाही?" त्याने विचारले.

सुयामा लग्नानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसली. दोघांनी तो भात वाटून खाल्ला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षूंना ही कथा सांगितली आणि तेव्हाची माणसे आताच्या माणसांशी जुळवून दाखवली. तेव्हाचा नागदंत म्हणजे आताचा देवदत्त. घाटावर हसून शेवटी पाया पडणारा रेवत म्हणजे आनंद. डोळे न मिटता पाहणारी सुयामा म्हणजे राहुलमाता, शास्त्यांची गृहस्थाश्रमातली पत्नी. आणि दहावा हिस्सा सोडणारा दलाल दुसरा कोणी नव्हता, मीच होतो, असे शास्ते म्हणाले. कोकिळाविषयी शास्त्यांनी काही सांगितले नाही. त्याला त्याच संध्याकाळी सोडून दिले होते.

ज्या बोलण्यात आपला वाटा उरत नाही, तेच बोलणे दुसऱ्याचा जीव वाचवू शकते. हीच सत्यपारमिता, सत्याची पराकाष्ठा.